म्हाताऱ्यांचा कोंडवाडा

मी आता जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षरही तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून कुणी तोंडावर हसलं तर मला वाईट वाटायला नको. ह्या अख्ख्या नेवासा तालुक्यात भर बाजारात विकला गेलेला एकच माणूस आहे, आणि तो तुमच्यासमोर ह्या हंड्यांच्या रांगेत पिंपाला टेकून बसला आहे. चोरून नाही हं विकला. रीतसर. दवंडी पिटून, बोली लावून, एकवार-दोनवार-तीनवार करून.

"तात्या, सकाळपासनं ही दुसरी थाप," रांगेतून एक जण म्हणाला.

"पहिली कोनती?" दुसऱ्यानं विचारलं.

"टँकर निघालाय म्हनाला हुता ती."

म्हणू दे. टँकर यायचा तेव्हा येईल. हंडे कुठं पळून जात नाहीत आणि आपणही. बसल्या बसल्या ऐका.

दिवाळीच्या सुमाराला आपलं गाव रिकामं व्हायला लागलं, आठवतंय ना? प्रवरेत वाळू तेवढी राहिली. हातपाय चालणारी सगळी माणसं खडी फोडायला, नाहीतर पाझर तलावाच्या कामावर गेली. काम लांब निघालं की तिथंच पालं ठोकून राहायचं. लेकरं बरोबर गेली, कारण कामावर लेकरांना सुकडी मिळते. जनावरं छावणीत गेली, उरली ती घोडेगावच्या बाजारात. मग मागं राहिलं कोण? म्हातारी. त्यांना खडीच्या ढिगाऱ्यावर नेऊन बसवायचं कुठं? आणि घरी ठेवावं, तर तांब्याभर पाणी त्यांच्या हातात द्यायचं कुणी?

इथं गहिनीनाथ पुढं झाला. गावचा कोंडवाडा त्याच्याकडे, त्याच्या बापापासून. चार दगडी भिंती, भिंतींवर बाभळीच्या फांद्या, एका अंगाला पत्रा, आणि बाहेरून कडी असलेलं एक फाटक. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर तिथं कोंडायचं, मालकानं येऊन ओळख पटवून सोडवायचं. पण दुष्काळात शिरायला रान नव्हतं आणि रानात शिरायला जनावर नव्हतं. गहिनीनाथ दिवसभर रिकाम्या कोंडवाड्याच्या फाटकाशी बसून विचार करायचा. डोकं असलेला माणूस असा रिकामा बसला की गावानं सावध व्हावं.

त्यानं आत झाडून घेतलं, गोणपाटं अंथरली, आणि कामावर निघालेल्यांना अडवून सांगायला लागला, "म्हातारी माझ्याकडं ठिवा. सावली, पानी, दोन टायमाला भाकरी. तुमी बिनघोर खडी फोडा. येताजाता रेशनच्या मिलो ज्वारीची पायली टाका, लई झालं."

लोक आधी हसले. मग एकानं आपला आंधळा बाप हाताला धरून आणला. दुसऱ्यानं तो बघितला. आणि संक्रांतीपर्यंत कोंडवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

गहिनीनाथ वाईट माणूस नव्हे. त्यानं लंकाबाईला भाकऱ्या थापायला आणि म्हाताऱ्यांचं उठबस करायला ठेवलं. कुणाला शिवी दिली नाही, कुणाची भाकर मारली नाही. पण गड्याला आयुष्यात कोंडवाडा चालवायचं तेवढं माहीत होतं. आत बैल आहे की माणूस, त्यानं रीत बदलली नाही. आत येणाऱ्याच्या दंडावर गेरूचा पट्टा. दिवस कलला की मोजदाद. फाटकाला बाहेरून कडी. आणि ज्यानं आणून घातलं त्याच्याच हाती सोडायचं, दुसऱ्याच्या नाही.

"म्हातारं भाईर हिंडलं आनि हिरीत पडलं म्हंजे?" असं तो विचारायचा. बरोबरच होतं त्याचं. त्याचं सगळंच बरोबर असायचं, त्यामुळं भांडायला जागाच सापडत नसे.

आता मी तिथं कसा गेलो ते ऐका. मी सडा माणूस. बायको नाही, लेकरू नाही. आजवर गावानं मला गोष्टींच्या बदल्यात जेवू घातलं. गावच कामावर गेल्यावर गोष्ट सांगू कुणाला आणि भाकर मागू कुणाकडं? बन्सी, माझा लहानपणचा सोबती, आत होता. त्याच्या सुनेनं त्याला आणून घातला होता. त्याची विचारपूस करावी म्हणून मी गेलो. नेमका जेवणाच्या वेळेला गेलो हा निव्वळ योगायोग. लंकाबाईनं पंगतीत बसलेल्या सगळ्यांपुढं भाकरी टाकली, तशी माझ्याही पुढं टाकली. मिलोची भाकर तुम्हाला मी काय सांगावी. लंकाबाईच्या हातून एकदा एक निसटली, ती फाटकाखालून गेली, उतारानं गडगडत विहिरीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या पाणी पडायच्या दगडी थारोळ्याला चीर पाडून मग आडवी झाली. चीर अजून आहे, जाऊन बघा.

जेवून बन्सीच्या शेजारी लवंडलो, डोळा लागला. जाग आली ती दंडाला काहीतरी गार लागलं म्हणून. गेरू! गहिनीनाथ हातात वाटी घेऊन उभा होता आणि तोंडानं मोजत होता.

"एक जास्त भरतोय," तो म्हणाला.

"मी रं. छगन. भेटायला आलोय."

"ते दिसतंय. कुनाचा?"

"कुनाचा म्हंजे?"

"आनून कुनी घातलं?"

"कुनी न्हाई. माझ्या पायानं आलो."

गहिनीनाथाचं तोंड उतरलं. "म्हंजे मोकाट," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटून म्हणाला. "तात्या, मोकाटाला असं सोडता येत न्हाई मला. मालकानं यायला पायजे."

"आरं, मी मानूस हाय!"

"मग ही कोन हायती?" त्यानं सगळ्यांकडं हात केला. "ह्यांना एक रीत आनि तुमाला एक, असं कसं चालंल?"

"बरं, मग मीच माझा मालक. झालं? उघड."

"मालक भाईर असतो, तात्या. तुमी आत हाय."

"आनि कुनी आलंच न्हाई तर?"

"तर होळीनंतरच्या बाजाराला लिलाव. बेवारशाचं तसंच असतं. माझ्या बापाच्या वक्ताला एक खोंड असाच गेल्ता." एवढं बोलून तो बाहेर गेला आणि त्यानं कडी घातली.

सुरुवातीला मला मजा वाटली. म्हटलं, गोष्टीला गोष्ट झाली आणि भाकरीला भाकर. पण भिंत रोज जरा जवळ येते, हे तुम्हाला बाहेरून कळायचं नाही. आपलं गाव समोर आहे, कोंबडा ओरडतो तो कुणाचा ते ओळखू येतं, एस.टी. चा धुरळा दिसतो, आणि आपल्याला पाच पावलं पलीकडं जाता येत नाही. दुपारी पत्रा असा तापायचा की त्यावर बसलेला कावळा उडताना पाय तिथंच ठेवून जायचा.

भिंत चढून बघितली. वरपर्यंत गेलो, तिथं बाभळीनं मला धरलं. मी खाली आलो, धोतर वरच राहिलं. अजून तिथं फडकतंय. लांबून येणारे लोक शाळेचा झेंडा समजून टोपी सारखी करतात.

मग एकच वाट उरली. रस्त्यानं जाणारा कुणीतरी फाटकाशी येऊन नुसतं म्हणायला पाहिजे, की हा माझा. बस. दोन शब्द! ज्या गावाला मी उभा जन्म हसवलं त्या गावात असा एक तरी निघेल की नाही?

खाजाभाई पिंजारी धनुकली खांद्याला लावून चालला होता. मी फाटकाला तोंड लावून हाक मारली, "खाजाभाई! एवढं हिकडं ये आनि गहिनीला म्हन, छगन माझा हाय."

तो थांबला. "म्हनलं की सुटला?"

"लगेच."

"मग जानार कुठं?"

"कुठं म्हंजे? जाईन कुठंबी."

"तसं न्हाई तात्या. माझा म्हनल्यावर माझ्याच दारात येनार ना तू?" त्यानं धनुकली ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "घरात अम्मी हाय, पोरं हायत. गाद्या पिंजून घ्यायला गावात मानूस न्हाई. एकदा जबान दिली की मला ती फिरवता येत न्हाई, ठावं हाय ना तुला? माफ कर."

तो खोटं बोलत नव्हता. दुष्काळात माणसाला आपला म्हणायचं, म्हणजे त्याचं तोंड आपल्या चुलीला जोडायचं. खाजाभाई निदान थांबून बोलला. नंतरचे लोक लांबूनच माझा आवाज ओळखून रस्त्याच्या त्या कडेनं जायला लागले. माझा आवाज ऐकून माणसं लांब जातात, हे मला त्या वयात पहिल्यांदा बघायला मिळालं.

दिवस कलला की सगळी म्हातारी फाटकाकडं तोंड करून बसायची. कुणी सांगत नव्हतं, तरी बसायची. गोजरबाई म्हणून एक होती, पलीकडच्या वस्तीवरची. ती रोज त्या वेळी लुगड्याच्या धडप्यात आपलं गाठोडं बांधायची, मांडीवर घ्यायची, आणि अंधार पडला की सोडायची. तिचा लेक एकदा कामाच्या सुट्टीला आला. फाटकावरून मिलोची पायली आत दिली. "बरी हायस ना?" म्हणाला. कडी त्याच्या हाताशी होती. त्यानं कडीला हात लावला नाही, कारण कडी काढली असती तर आईला न्यावं लागलं असतं. "येतो पुढल्या सुट्टीला," म्हणाला आणि गेला.

"लई भार हाय त्याला कामाचा," गोजरबाई मला म्हणाली. गाठोडं तिच्या मांडीवर तसंच होतं.

तिला एक गोष्ट सांगावी म्हणून मी तोंड उघडलं. पण काही आलं नाही. मला कुणी नव्हतं म्हणून मी आत, आणि हिला होतं म्हणून ही आत. बाकीचं नका मानू तुम्ही, एवढं माना.

बन्सीचं मात्र वेगळंच. त्याला म्हटलं, दोघं मिळून फाटक उखडू. तर म्हणतो, "कशाला? घरी सून रोज इचारायची, आता किती दिस हायसा म्हनून. हितं कोन इचारतंय?" असा माणूस शेजारी झोपलेला असला की भिंत आणखी उंच होते.

मग लंकाबाई गेली. तिला खडीच्या कामावर घेतलं. गहिनीनाथ तिची मनधरणी करत होता, "हितं सावली हाय, लंकाबाई. तिकडं दगूड उचलावं लागत्यात."

"हितं म्हातारी उचलावी लागत्यात," ती म्हणाली. "दगूड रातचं हाका मारत न्हाईत."

तिच्या मागं कुणीच टिकलं नाही. मग ज्यांना दिसत होतं ते ज्यांना चालता येत होतं त्यांना वाट सांगायचे, आणि असं दोघा-दोघांत मिळून एकेक माणूस तयार व्हायचा. भाकऱ्या मी थापल्या. त्यांची गोष्ट नको.

एकदा पंचायत समितीचे ढोरांचे डॉक्टर आले. फेरीत कोंडवाडा होता म्हणून आले. गहिनीनाथानं फाटक उघडून मोठ्या हौसेनं सगळं दाखवलं. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांना वाटलं, आलोच आहोत तर बघून घ्यावं. हातच्या सवयीनं त्यांनी बन्सीची पापणी खाली ओढली, मला आ करायला लावून दात बघितले, पाठीवर थाप मारली. म्हणाले, "चारा बरा आहे. पण बांधून ठेवू नका. रोज थोडं मोकळं सोडत जा."

आम्ही सगळे ओरडलो, "व्हय, व्हय! सोडा!"

"सोडतो की," गहिनीनाथ म्हणाला. "मालकांनी येऊन सांगितलं की सोडतो." आणि डॉक्टरांच्या मागं फाटक लागलं.

संध्याकाळी तो फाटकाशी तंबाखू मळत बसायचा. तो बाहेर, मी आत, मधे लोखंडाचे गज. गज असले तरी तंबाखू द्यायचा.

"तात्या," एकदा तो म्हणाला, "ह्या धंद्याला मरन न्हाई बगा."

"पाऊस पडला की मरंल."

"पडू द्या पाऊस. पोरं येकदा भाईर पडली ती परत गावात मावायची न्हाईत. कुनी शुगर फॅक्टरीवर जाईल, कुनी नगरला, कुनी पुन्याला. तिकडं खुराड्याएवढ्या खोल्या. म्हातारी कुठं ठिवतील? तालुक्या-तालुक्याला असा कोंडवाडा निगंल. नगरला तर माडीचा! खाटा, गाद्या, वर पंखा. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया. भाईर पाटी रंगवलेली. लोक वशिला लावतील आपली म्हातारी आत घालायला, आनि वर चार मानसांत सांगतील, आमी आमच्या बापाला लई चांगल्या जागी ठिवलाय."

"आनि कडी?"

"कडी?" त्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "कडी ऱ्हाईल. पर पितळी."

उभ्या पंचक्रोशीत माझ्याएवढी मोठी थाप मारणारा दुसरा नाही, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होतो. त्या संध्याकाळी मला भीती वाटली. कारण तो थाप मारत नव्हता.

होळी आली. आतल्यांनी आत बसून बाहेरची होळी पेटलेली बघितली. आणि मग बाजारच्या दिवशी सकाळी गहिनीनाथानं कडी काढली, माझ्या कमरेला दावं बांधलं आणि म्हणाला, "चला तात्या. राग मानू नका. रीत हाय."

आता खरी गोष्ट सुरू होते. सरकून बसा, मागच्यांना ऐकू जाऊ द्या.

दवंडी आधीच पिटली होती. छगनतात्याचा लिलाव म्हटल्यावर माणूस कुठून कुठून लोटला! नेवाशाहून बैलगाड्या, शेवगावहून ट्रकभर लोक, नगरहून तर एस.टी. नं जादा गाडी सोडली. खडीचं काम बंद पडलं. मला एका उंच दगडावर उभं केलं. नेवाशाचा एक आडत्या म्हणाला, मी पोतंभर ज्वारी देतो, मला गिऱ्हाईक गोष्टीत गुंतवायला माणूस पाहिजे. तमाशाचा एक फडवाला म्हणाला, दोन पोती. तेवढ्यात एक पुढारी जीपमधून उतरला. म्हणाला, मला निवडणुकीला ह्याच्यासारखाच माणूस लागतो, घ्या चार पोती. पोत्याची खंडी झाली. गहिनीनाथाला एवढं मोजता येईना, तो मटकन खाली बसला.

"आनि खाजाभाई?" रांगेतल्या एका बाईनं विचारलं.

खाजाभाई आला होता ना. धनुकली घेऊन आला. म्हणाला, माझी ही धनुकली घ्या, पण तात्याला सोडा. मी म्हटलं, ठेव बाबा, तुझं पोट त्यावर आहे.

आणि मग गर्दी दुभंगली. चांगुणा आली. चांगुणा कोण हे नव्या माणसांना सांगतो. खालच्या आळीची. नवरा गेल्यापासून एकटी राहते, खडीच्या कामावर मुकादम तिला घाबरून असतो. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती भर बाजारात म्हणाली, "छगनतात्या म्हंजी आपल्या गावाची शान हाय. त्यांना मी भाईरगावी जाऊ द्यायची न्हाई. माझं घर घ्या, माझं रान घ्या, कानातली फुलं घ्या, पन माझा तात्या मला द्या." माझा! भर बाजारात माझा म्हणाली! बाजार रडायला लागला. दवंडीवाला एवढा रडला की डफाचं कातडं भिजून त्यातून आवाज निघेना. पुढाऱ्यानं जीप मागं घेतली. फडवाल्यानं पागोटं काढलं. गहिनीनाथ उठून उभा राहिला, एकवार म्हणाला, दोनवार म्हणाला, आणि तीनवार म्हणायला त्यानं तोंड उघडलं तोच...

"तोच काय?"

आवाज रांगेच्या शेवटून आला. कामावरून परतलेली चांगुणा डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. केसांत, भुवयांत खडीचा पांढरा भुगा. कधीपासून ऐकत होती कुणास ठाऊक. बायांनी माना वळवल्या आणि तिला पुढं यायला वाट केली.

"सांग की तात्या, तोच काय? का मी सांगू?"

मी हंड्यांकडं बघायला लागलो.

"खोटं हाय हे समदं!" चांगुणानं पाटी खाली आदळली. "ना जीप हुती, ना तमाशावाला. सकाळपासनं हा दगडावर उनात हुबा, आनि गहिनीनाथ वरडून वरडून घसा बसवून बसला. एक बोली न्हाई. शेंगदान्याएवढी न्हाई! मी गेल्ते पत्र्याचं पिंप घ्यायला. कोंडवाड्यात सिमिटाचा हौद बांधला म्हनून गहिनीनं ते जुनं पिंप काढलं हुतं इकायला. त्याला पायलीभर मिलो देऊन निघाले, तर मागनं पळत आला, म्हनतो, बाई, पिंपावर ह्याला बी न्या, फुकट. मी म्हनलं, हे घेऊन मी काय करू? तर म्हनतो, आवो, टँकरच्या रांगेत पिंपापाशी बसायला कुनीतरी लागंलच की!"